शांत, तीनपैकी तीन

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी आधी घोटभर पाणी पिऊन घेते. जनावरांची डॉक्टर आहे, एवढं लोकांना समजतं. पुढचं, म्हणजे मी पाळलेल्या सशांची खुशाली मोजते, हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे. सासूबाईंनी यावर तोडगा काढला आहे. शहराच्या छावणी भागातल्या आमच्या गल्लीत त्या सांगतात, "सून तपासणीला असते." कसल्या तपासणीला, हे कुणी विचारत नाही. तपासणी म्हटलं की आपल्याकडे माणूस सावरून बसतो.

तर ही तपासणी अशी. एक संस्था शेतकऱ्यांना ससे पाळायला देते. ससे संस्थेचे, शेड आणि मेहनत पाळणाऱ्याची. वर्षातून एकदा माझ्यासारखं कुणीतरी जाऊन ससे नीट राहतात का ते बघतं. त्यासाठी मोबाइलवर एक प्रपत्र आहे, 'ससा कल्याण मूल्यमापन' नावाचं. खाणंपिणं, जागा, तब्येत आणि वागणूक असे त्याचे चार भाग. वागणुकीच्या भागात ससा पाय पसरून झोपतो का, माणूस जवळ गेल्यावर घाबरतो का, त्याला कंटाळा येतो का, असे प्रश्न असतात. हे प्रश्न मला अजून कुणी विचारलेले नाहीत. शंभरपैकी साठ मिळाले की शेड पास. कमी पडले तर आठवड्याच्या आत टेम्पो येतो आणि ससे भरून घेऊन जातो.

त्या जानेवारीत मला जालना रोडला, चिकलठाणा सोडून पुढं, करमाडच्या अलीकडची एक शेड आली होती. शेड चालवणारी बाई पस्तिशीतली. तिचं सासर मेंढरं राखणारं. सासऱ्यानं उभा जन्म मेंढरांमागं चालून काढला आणि गुडघे गेल्यावर मेंढरं विकली. नवरा चिकलठाण्यातल्या एका कंपनीत. ही बाईही तिथंच पॅकिंगला होती. सहा वर्षं फिरत्या पट्ट्याशेजारी उभी राहून खोकी चिकटवली, मग एक दिवस काम सोडलं आणि ससे आणले. हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं होतं, मी विचारलेलं नसताना. शेवटी म्हणाली, "मॅडम, ससे गेले तर मला परत पट्ट्यावर उभं ऱ्हावं लागंल. तेवढं बघा."

मी म्हणाले, "बघू." आमच्या कामात याच्याहून जास्त बोलायची परवानगी नाही. मग उद्या नऊला येते म्हणून सांगितलं, चार नेहमीच्या गोष्टी बोलले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी थंडी मरणाची होती. विमानतळापर्यंत माझी बोटं स्कूटीच्या हँडलवर होती, पुढं ती कुणाची होती मला सांगता येणार नाही. पोचले तेव्हा वस्तीवर सडा घातलेला, रांगोळी काढलेली. अंगणात बाजेवर सासरा बसलेला, अंगावर काळी घोंगडी, डोक्याला पटका. मी नमस्कार केला. त्यानं मान हलवली आणि शेडकडं न बघता दुसरीकडं बघत बसला. मला वाटलं, म्हातारा तुसडा दिसतो.

बाई नवी साडी नेसून शेडच्या दारात उभी होती. नवऱ्यानं सुट्टी काढली होती. तो इस्त्रीचा शर्ट घालून हातात ताट धरून उभा. ताटात शाल, नारळ आणि टॉवेल-टोपी. टोपी कुणासाठी, मला कळलं नाही. मी म्हणाले, "आधी काम करू, सत्कार नंतर." त्यानं ताट घमेल्यावर ठेवलं आणि तो ताटाशेजारी उभा राहिला.

शेड बघून मला खरंच बरं वाटलं. पत्र्याखाली पाचट पसरलेलं, उत्तरेकडून वारा येऊ नये म्हणून बारदानं शिवून लावलेली, पिंजऱ्यांच्या तळाला पाय ठेवायला फळ्या. पाण्याच्या नळ्या स्वच्छ. लसूण घासाचा चारा ताजा, दव सुकवून टाकलेला. आणि पिंजऱ्यात एकेचाळीस पांढरेशुभ्र ससे. इतके पांढरे ससे मी अख्ख्या नोकरीत पाहिले नव्हते. प्रत्येकाच्या कपाळावर कुंकवाचं बोट. विण्याच्या पेटीतल्या उघड्या पिल्लांना तेवढं सोडलेलं, कारण त्यांच्या कपाळाला अजून केसच नव्हते.

मी बाईकडं पाहिलं. ती लाजली. म्हणाली, "पोळ्याला बैलाला लावतो की. हे बी जनावरच."

प्रपत्रात कुंकवाबद्दल काही नव्हतं. मी पुढं गेले. फोटो काढायचे, ते काढले आणि जागच्या जागी पाठवले. तसा नियम आहे, म्हणजे घरी जाऊन कुणी दुसऱ्याचे ससे चिकटवू नयेत. मग वागणुकीचा भाग उघडला. एरवी या भागात माझा वेळ जातो. ससे धावतात, पाय आपटतात, कोपऱ्यात तोंड खुपसतात. इथं एकही हलला नाही. मी पिंजऱ्याशी तोंड नेलं, हात आत घातला, तरी जागचे हलले नाहीत. कान मागं टाकून, पाय अंगाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून बसलेले. एकेचाळीस ससे एका ओळीत, पंगतीला बसल्यासारखे. मी लिहिलं : शांत, तीनपैकी तीन. स्वच्छता, तीनपैकी तीन. माणसाची भीती नाही, तीनपैकी तीन. वीस वर्षांत मी एवढे मार्क कुणाला दिले नव्हते, स्वतःच्या पोरीच्या अभ्यासालाही नाही.

बाईला ते दिसत होतं. मोबाइलकडं वाकून बघायची तिची हिंमत नव्हती, पण माझ्या तोंडाकडं ती बघत होती आणि तिच्या तोंडावर हळूहळू रंग येत होता.

तेवढ्यात म्हातारा शेडच्या दारात येऊन उभा राहिला. सून पटकन म्हणाली, "मामा, तुमी बसा की उन्हात." तो बसला नाही. मला म्हणाला, "बाई, काय लिवायलात?"

"ससे शांत आहेत, असं लिहिलं."

"शांत नायत ती," तो म्हणाला. "कान लावा."

मला चटकन राग येतो. शिकलेल्या माणसाला कान लावा म्हटलं की जास्तच येतो. पण म्हातारा दारातून हलेना, म्हणून मी कोपऱ्यातल्या एका सशीजवळ कान नेला. करकर करकर असा बारीक आवाज येत होता, कुणी दूरवर चुना खरवडावा तसा.

"दात खायलेत," म्हातारा म्हणाला. "मेंढरू वरडतंय तवर बरं असतंय. मुकं बसून दात खाया लागलं की ते मराया निघालं म्हणून समजायचं. ससा तर जन्माचाच मुका."

हे मला माहीत होतं. पुस्तकात आहे. ससा दुखणं लपवतो, भ्याला की गोठतो, वेदना असली की दात करकरवतो, याच्यावर मी परीक्षेत सात मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे. मी त्या सशीच्या पाठीवरचे केस अंगठ्यानं दुभंगले. वरून केस कोरडे, फुललेले. आत, कातड्याला लागून, ओलेचिंब. कान हातात धरले तर गार.

मी शेजारची पाहिली. तीही ओली. तिसरा ओला.

"यांना आंघोळ घातली?" मी विचारलं.

"व्हय," नवरा कौतुकानं म्हणाला. "पहाटं चारला बंब पेटवला. श्याम्पू लावून. एकेक करून, एकेचाळीस."

सशाला आंघोळ घालत नाहीत. ससा स्वतःला चाटून साफ ठेवतो. त्याचे केस दाट असतात, एकदा आत पाणी शिरलं की दिवसभर सुकत नाही, त्यात ही थंडी. वर माणसानं धरून पाण्यात घातला की निम्मा भीतीनंच खलास. हे सगळं मी एका दमात आणि फार मोठ्या आवाजात सांगितलं. आणि मग विचारू नये ते विचारलं, "कुणी सांगितला हा शहाणपणा?"

बाईनं खाली पाहिलं. नवऱ्यानं बाईकडं पाहिलं. म्हातारा म्हणाला, "तुमीच की. फोनावर."

मला आठवलं. चार नेहमीच्या गोष्टी. कागद काढून ठेवा, लसीची वही काढून ठेवा, कुत्रा बांधून ठेवा, आणि ससे जरा स्वच्छ ठेवा. शेवटचं मी सगळ्यांनाच म्हणते. गाडी हळू चालवा म्हणतो ना आपण, तसं. त्याचा अर्थ पिंजऱ्याखालच्या लेंड्या उचला एवढाच असतो, आणि आजवर लोकांनी तेवढाच घेतला होता, कारण आजवरच्या लोकांना जनावर दाखवायला काढण्याची सवय नव्हती. या घराला होती. बाजारात न्यायचं, जत्रेत उभं करायचं, कातरायचं, काहीही असो, जनावर आधी धुवायचं. पाहुणा जनावर बघायला येणार आणि जनावर मळकं, यासारखी लाज त्या वस्तीवर दुसरी नव्हती.

"मी सांगितलं व्हतं, थंडीत मेंढरू धुवत नसतेत," म्हातारा म्हणाला. एवढंच बोलला आणि घोंगडी काढून उन्हात अंथरायला लागला.

पुढचा तासदीड तास मी डॉक्टर होते असं म्हणता येणार नाही. म्हाताऱ्यानं सांगायचं आणि आम्ही तिघांनी करायचं. भिंतीच्या आडोशाला, वारा नाही आणि ऊन आहे अशी जागा त्यानं धरली. गारठलेल्या कोकराला चोळतात तसं कोरड्या गवतानं केसांच्या उलट चोळायचं, मग कापडानं टिपायचं, मग घोंगडीवर एकमेकांना खेटून बसवायचं. बाईनं लोखंडी पेटी उघडून आहेरातले टॉवेल काढले. पंधरा-वीस तरी असतील, सगळे घड्या न मोडलेले. आहेरातला टॉवेल पाणी टिपत नाही, हे आपल्याकडं घरोघर माहीत आहे आणि म्हणूनच तो पुढच्या आहेरात जातो. ते टॉवेल पाणी इकडून तिकडं फिरवत होते. शेवटी बाईनं नेसायच्या जुन्या सुती साड्या फाडल्या. नवऱ्यानं इस्त्रीचा शर्ट काढून दोन ससे त्यात गुंडाळले आणि बनियनवर कुडकुडत उभा राहिला. माझ्या सत्काराची शालही गेली. त्यात तीन ससे बसले.

माझ्याकडून दोनच गोष्टी झाल्या. बंबातलं उरलेलं कोमट पाणी बाटल्यांत भरून मी घोंगडीखाली सारलं, आणि नर वेगळे ठेवा असं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "बरूबर हाय." एवढं कौतुक मला त्या दिवशी पुरलं.

उन्हं वर आली तसा एकेक ससा हलायला लागला. एकानं पाय आपटला. एक बाटलीला चावला. मी घोंगडीशेजारून जाताना एक जण टुणकन उडी मारून बाजेखाली पळाला, आणि माणसाला इतका घाबरलेला ससा बघून मला रडू येईल की काय असं वाटलं.

सहा गेले. त्यातल्या दोन पिल्लंवाल्या होत्या. बाईनं त्यांची पिल्लं उचलून दुसऱ्या सशीच्या पेटीत, तिच्या पिल्लांच्या मध्ये घातली, वर तिच्याच पेटीतले केस पसरले. हात स्थिर होते. मेलेले सहा तिनं भिंतीच्या कडेला ओळीनं ठेवून वर बारदान टाकलं. प्रत्येकाच्या कपाळावरचं कुंकू तसंच होतं, ते तिनं बारदान टाकायच्या आधी पदरानं पुसलं. मग हात धुऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "मार्क किती पडले?"

मी आजवर बरीच मेलेली जनावरं पाहिली आहेत. पण भिंतीकडच्या सहांपेक्षा तो प्रश्न मला जड गेला. तिला सशांचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण तिच्या डोळ्यासमोर पट्टा होता, आणि पट्ट्याशेजारी उभी ती.

मी बाजेवर बसून प्रपत्र पुन्हा उघडलं. शांत, तीनपैकी तीन, ते खोडून शून्य केलं. भीती, शून्य. मग विचारलं होतं, गेल्या चोवीस तासांत किती दगावले. सहा. कारण निवडा. तिथं चार पर्याय होते : रोग, हवामान, हिंस्र प्राणी, पाळणाऱ्याची हाताळणी. माझा अंगठा हवामानावर जाऊन थांबला. थंडी होतीच की. हवामान लिहिलं असतं तर शेड वाचली असती, मीही वाचले असते आणि खोटं म्हणावं तर ते अर्धंच. प्रामाणिकपणाचं श्रेय मी घेत नाही. एकेचाळीस ससे कपाळावर कुंकू लावून, ताजे धुतलेले, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनीच माझ्या फोटोंतून संस्थेत पोचलेले होते. मी पाळणाऱ्याची हाताळणी निवडलं. मनातल्या मनात बेरीज केली. चोपन्न येत होती.

सगळ्यात खाली एक प्रश्न असतो. भेटीपूर्वी मूल्यमापकाने पाळणाऱ्यास काही सूचना दिल्या होत्या काय? त्याला 'नाही' हे उत्तर आधीपासूनच भरलेलं असतं, आपण फक्त पुढं जायचं. मी वीस वर्षं कुठल्याच अर्जातला शेवटचा प्रश्न वाचलेला नव्हता. त्या दिवशी वाचला. 'होय' केलं. खाली रकाना उघडला, त्यात लिहिलं : ससे स्वच्छ ठेवा असे मी फोनवर सांगितले. त्यामुळे त्यांनी आंघोळ घातली. सासरे नको म्हणत होते. सहा ससे माझ्या सांगण्यामुळे गेले.

बाईला मी एवढंच म्हणाले, "मार्क आज कळणार नाहीत. चूक माझी आहे, तसं मी लिहिलं आहे. मला माफ करा."

तिनं मान हलवली. चहा केला. चहात साखर घालायची ती विसरली आणि मी तो तसाच प्याले.

संध्याकाळी संस्थेतल्या साहेबांचा फोन आला. ते चिडलेले नव्हते, गोंधळलेले होते. म्हणाले, "मॅडम, तुम्ही 'होय' कसं काय केलं? तिथं कुणी 'होय' करत नाही. पुढं काय करायचं ते कुणालाच ठरवता येईना." मग दोन दिवसांनी ठरलं. माझी भेट रद्द, महिन्याभरानं दुसरा माणूस जाऊन नव्यानं तपासणी करणार आणि मला तीन महिने काम नाही, शिवाय एक दिवसाचं प्रशिक्षण. प्रशिक्षणाला मी एकटीच होते. शिकवणाऱ्या मुलानं पडद्यावर एक ओळ दाखवली, भेटीपूर्वी सूचना देऊ नयेत, आणि शंका विचारा म्हणाला. सासूबाईंनी गल्लीत सांगितलं की सुनेला ट्रेनिंगला बोलावलंय. गल्लीत माझा भाव वाढला.

तो महिना मी त्या शेडवर फोन करायचा नाही असं ठरवलं आणि रोज मोबाइल उलटा करून ठेवला. तपासणीच्या दिवशी तर मी भाकरी दोनदा करपवली. बाई परत पट्ट्यावर उभी राहिली असती तर चिकलठाण्याच्या बाजूनं मला पुन्हा जाता आलं नसतं. हे मी कुणाला बोलले नाही, पण ते तसंच होतं.

चार दिवसांनी तिचाच फोन आला. एकाहत्तर पडले. ससे राहिले. ती 'मॅडम' सोडून 'ताई' म्हणायला लागली होती, ते माझ्या लक्षात आलं. बोलणं संपलं असं वाटलं, पण ती ठेवेना.

"ताई, एक बोलू का?" ती म्हणाली. "तुमी माफी मागितली, ते मला लई लागलं. तुमचं एकटीचं नाय चुकलं. मला म्हाईत व्हतं. दोन वर्षं झाली ससे पाळून, ते भिजले की गारठतेत हे मला म्हाईत नसंल का? मामा बी नको म्हणले. पहिलाच भिजवला तवा हातातच कसा थरथरला, मला कळलं. पण तुमी शिकलेल्या. मला वाटलं, माझंच चुकत असंल."

मग मी म्हणाले, "यापुढं माझं काही चुकतंय असं वाटलं, तर तोंडावर सांगायचं. मला राग आला तरी सांगायचं."

"सांगीन," ती म्हणाली. "मग आत्ताच सांगते. तुमी सशाला नुसतं मानंला धरून उचलता. खालून दुसरा हात देत नाय. त्याचा सगळा भार कातड्यावर येतोय, लई दुखतंय त्याला. त्या दिवशी धा-बारा येळा बघितलं मी. बोलले नाय."

कॉलेजात दोन्ही हातांनी उचलायला शिकवलं होतं. मधल्या वर्षांत घाईघाईत दुसरा हात कधी सुटला, मला कळलंच नव्हतं.

"आणखी काही?" मी विचारलं, आणि लिहून घ्यायला पेन शोधला.